जागा कमी पडते तिथं

काकूंनी माझं डिझाइन फोनवर दोन बोटांनी मोठं करून पाहिलं, चष्मा वर ढकलला, परत खाली घेतला आणि म्हणाल्या, "छान आहे गं. पण हे साबणाचं वाटतंय."

काकू चटण्या करतात. शेंगदाणा, जवस, कारळ आणि लसूण. राहायला आमच्याच सोसायटीत, बी विंगमध्ये. इतकी वर्षं ओळखीच्यांना बरणीत भरून द्यायच्या. यंदा सुनेनं परवाना काढून दिला आणि १०० ग्रॅमची पाकिटं करायचं ठरलं. लेबल मी करायचं. पैशांचा विषय मी दोनदा काढला, दोन्ही वेळा मध्येच डिंकाचे लाडू आले.

साबणाचं वाटलं यात काकूंची काही चूक नाही. तीन संध्याकाळी पिंटरेस्टवर लोकांची डिझाइनं बघण्यात घालवून मी ते जमवलं होतं. मातकट रंग, केसाएवढी बारीक अक्षरं, कोपऱ्यात जवसाची नाजूक फांदी आणि बाकी सगळी मोकळी जागा. मोकळी जागा ही आमच्या धंद्यातली श्रीमंती. ज्याला फार काही सांगायचं नसतं त्याला ती परवडते. काकूंना सांगायचं होतं ते असं: चटणीचं नाव, स्वतःचं नाव, घटक पदार्थ, निव्वळ वजन, किंमत, पॅक केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावी ती तारीख, पत्ता, तक्रारीसाठी फोन, हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका आणि एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा परवान्याचा, १४ आकडी क्रमांक. वजनाचे आकडे कमीत कमी किती उंच हवेत हेसुद्धा नियमानं ठरलेलं. आणि हे सगळं ८ बाय १० सेंटीमीटरमध्ये. वर काकूंची स्वतःची मागणी: "नाव लांबून दिसलं पाहिजे. आणि खलबत्ता हवा."

"तुम्हाला सुचतं कुठून?" हे मला लोक लग्नात, ट्रेनमध्ये, एकदा तर दाताच्या डॉक्टरांनी तोंडात आरसा असताना विचारलंय. मी काहीतरी बरं दिसेल असं उत्तर देते. प्रवास, पुस्तकं वगैरे. खरं उत्तर जरा विचित्र आहे. जिथं कुणाला तरी जागा कमी पडलेली असते, तिथं मी बघत बसते.

साबण प्रकरणानंतर चार दिवसांनी मी दळण घेऊन गिरणीत गेले. पत्र्याला पांढरा रंग मारून, वाळवून, दोन स्टुलांवर आडवी पाटी टाकलेली आणि तिच्यावर ओणवे झालेले एक पेंटरकाका. मला वाटलं होतं हे लोक आता उरले नाहीत, सगळं फ्लेक्सवाल्यांनी खाल्लं. गिरणीवाल्याला विचारलं तर म्हणाला, "पिठानं फ्लेक्स दोन वर्षांत मळकट होतोय. हे पुसता येतंय." झालं. कलेचं पुनरुज्जीवन वगैरे काही नाही, फडकं मारता येतं हा मुद्दा.

पाटी सहा फुटांची असेल, उंचीला दीड. मजकूर गिरणीवाल्यानं वहीच्या कागदावर लिहून दिलेला: श्री गणेश पिठाची गिरणी व मिरची कांडप केंद्र. खाली दुसरी ओळ: डाळी व मसाले दळून मिळतील. काकांनी कागद एकदा वाचला आणि हवेत बोटं मोडत अक्षरं मोजली. जोडाक्षराला दीड बोट, ‘श्री’ला दोन. मग खडूनं माखलेली दोरी दोन्ही टोकांना धरून टणकन सोडली. दोन रेघा. अक्षरं खडूनं इतकी पुसट काढली की मला दिसलीही नाहीत. नंतर चपटा ब्रश.

माझं दळण होऊन गेलं. पीठ गरम, पिशवी मांडीवर, आणि मी बसलेली.

त्यांनी काय केलं ते सांगते. ‘पिठाची गिरणी’ जाड आणि लाल, कारण माणूस तेच शोधत येतो. ‘श्री गणेश’ बारीक, देवाला जाहिरातीची गरज नसते बहुतेक. ‘मिरची कांडप’ पुन्हा जाड. आणि दोन जाडजूड शब्दांच्या मधल्या बोळात ‘व’ एवढासा, डाळिंबाच्या दाण्याएवढा, वर एक आणि खाली एक छोटी आडवी रेघ मारून टांगलेला. हा ‘व’ तुम्ही हजार पाट्यांवर पाहिलाय. किराणा व भुसार, चहा व नाष्टा. मीही पाहिला होता, पण तो तसा का असतो हे कधी मनात आलं नव्हतं. त्याला जागा नव्हती म्हणून तो तसा झाला, आणि तसा झाला म्हणून दोन्ही बाजूंचे शब्द आणखी मोठे दिसायला लागले.

शिरोरेघ त्यांनी सगळ्यात शेवटी ओढली. डाव्या हातात काठी, तिच्यावर उजवं मनगट टेकवलेलं. ‘केंद्र’च्या पुढं चार बोटं जागा उरली होती. मला वाटलं, चुकलं काकांचं. त्यांनी रेघ थांबवलीच नाही, पाटीच्या कडेपर्यंत नेली आणि टोकाला छोटासा वाक दिला.

"काका, जागा उरली की असं करायचं?"

"उरलेली जागा रेघ खाते, ताई," ते म्हणाले. "कमी पडली तर व बारीक करायचा. उरली तर रेघ लांब करायची. बाकी अक्षराला हात लावायचा नाही."

मी टायपोग्राफीवरची जाड इंग्रजी पुस्तकं हप्त्यानं घेतलेली आहेत. असो.

दुसरी जागा म्हणजे आईचं कालनिर्णय. जयंतराव साळगावकरांनी १९७३ मध्ये ते सुरू केलं, आणि आमच्या साताऱ्याच्या घरात स्वयंपाकघराच्या दाराला एकाच खिळ्यावर कितीतरी वर्षांचं आहे. नवं आलं की जुन्याच्या पुढं. तो गठ्ठा म्हणजे माझं वाचनालय. एक तारीख म्हणजे काडेपेटीएवढा चौकोन. त्यात आकडा मोठा, खोलीच्या पलीकडून दिसणारा. त्याच्या अवतीभवती तिथी, नक्षत्र, सण, कुणाची जयंती, कुणाची पुण्यतिथी, संकष्टी असली तर चंद्रोदयाची वेळ. इतकं कोंबूनही घुसमटत नाही, कारण लांबून एकच गोष्ट दिसते आणि जवळ गेल्यावर बाकीच्या. रविवार लाल. कॉलेजात आम्हाला ‘व्हिज्युअल हायरार्की’ म्हणून अख्खं सत्र शिकवलं होतं. आई ते रोज सकाळी दूध तापायच्या आत वाचते.

पण त्याहून भारी म्हणजे छापलेल्याच्या वर आईनं केलेली भर. ‘दूध अर्धा जास्त.’ ‘गॅस लावला.’ ‘इस्त्री १४.’ पंख्याला तेल. जागा संपली की ती समासात जात नाही, आकड्याच्या आत शिरते. २० तारखेच्या शून्यात तिनं गॅसचा बुकिंग नंबर बसवलाय, गोल फिरवून, बांगडीवर नक्षी असावी तसा. मी फोटो काढायला लागले तर म्हणाली, "अगं, त्यात काय आहे काढण्यासारखं? कागद सापडला नाही म्हणून तिथं लिहिलं."

बाकीच्या जागा पटकन सांगते. लाल एस.टी.च्या काचेमागची पाटी, जिथं गावाचं नाव ठळक आणि ‘मार्गे’ कोपऱ्यात उभं राहून प्रवास केल्यासारखं. मुंबईच्या डबेवाल्यांचं झाकण: चार-पाच आकडे-अक्षरं आणि रंग, त्यात स्टेशन, इमारत, मजला सगळं आलं. नाटकांच्या जाहिराती, ज्यात एका कॉलमात दहा नाटकं चेंगरलेली असायची आणि तरी कमल शेडग्यांनी रेखाटलेलं नाव शब्द वाचायच्या आधी ओळखू यायचं. नाटक हसवणार की घाबरवणार हे अक्षराच्या पोटावरून कळायचं. आणि लग्नपत्रिका. आमच्या चुलत भावाच्या पत्रिकेत ४३ नावं होती. दोन कै., सहा निमंत्रक, आपले नम्र, व्यवस्थापक, आणि तळाला ‘किलबिल’ म्हणून सगळी पोरं: आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं! कुणाचं नाव कुणाच्या वर, यावरून दोन घरांत तीन आठवडे बोलणं बंद. डिझाइनच्या भाषेत यालाही हायरार्कीच म्हणतात. फक्त इथं चुकलं तर क्लायंट जात नाही, मावशी जाते.

पिंटरेस्ट बघू नये असं मी म्हणणार नाही, मी रोज बघते. पण तिथं मला नेहमी सुटलेलं गणित दिसतं. कुणी काय खोडलं, काय बारीक केलं, कुठं अडलं, ते दिसत नाही.

तर लेबल. गिरणीतून आल्यावर पीठ डब्यात न भरताच मी कागद घेतला. फांदी, मातकट रंग सगळं काढून टाकलं. लेबल म्हणजे कालनिर्णयचा चौकोन. मध्ये आकड्याच्या जागी एकच अक्षर, प्रचंड मोठं: जवसाला ‘ज’, कारळाला ‘का’, शेंगदाण्याला ‘शें’, लसणाला ‘ल’. लांबून दिसलं पाहिजे म्हणता ना, घ्या. त्याच्या भोवती तिथी-नक्षत्रांच्या जागी वजन, किंमत, तारखा. लसणाचा चौकोन लाल, रविवारसारखा. आणि शिरोरेघ लेबलच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, थांबवायची नाही. चार पाकिटं शेजारी शेजारी ठेवली की रेघ जुळते आणि चार अक्षरं एका दोरीवर वाळत घातल्यासारखी दिसतात. खलबत्ता ‘व’ केला. म्हणजे एवढासा, ‘जवस’ आणि ‘चटणी’च्या मधल्या फटीत.

काकूंना दाखवलं. बराच वेळ बघितलं त्यांनी. मग लसणावर बोट ठेवून म्हणाल्या, "हा ल आपला नाहीये."

आणि खरंच नव्हता. काठीचा ल होता तो, उजवीकडं उभा दांडा असलेला, हिंदीत असतो तसा. मराठीचा ल पाकळ्यांचा. श चंही तेच, आपला देठाचा. राज्य सरकारनं २००९ मध्ये शासन निर्णय काढून पाकळीचा ल आणि देठाचा श हेच मराठीचे म्हणून ठरवून दिलेत, पण काँप्युटरला ते कळायला हवं ना. युनिकोडमध्ये दोन्ही ल चा क्रमांक एकच, दिसतो कसा ते फाँट ठरवतो. काही फाँटांत मराठी ल असतो, पण आत लपलेला. मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी निवडल्याशिवाय बाहेर येत नाही. मी निवडायला विसरले होते. दहा पॉइंटात कुणाच्या लक्षात आलं नसतं. मी त्याला सात सेंटीमीटरचा केला होता. चार चटण्यांपैकी दोन बरोबर त्याच दोन अक्षरांवर सुरू होणाऱ्या, त्यामुळं अर्धा माल परप्रांतीय.

भाषा बदलली, ल बदलला, पण तो एवढा मोठा केल्यावर अगदी गुळगुळीत, कारखान्यातून आल्यासारखा दिसायला लागला. मग फोनमधला गिरणीच्या पाटीचा फोटो काढला. ‘मसाले’तला ल. काकांनी तो ब्रश न उचलता काढला होता. डावी पाकळी थोडी लहान, खाली येताना ब्रश चपटा झाल्यामुळं जाड, आणि वळताना मनगट फिरलं तिथं एकदम कागदाच्या कडेएवढा बारीक. उजवी पाकळी मोठी, जरा झुकलेली. दोन्ही सारख्या नाहीत. सारख्या केल्या की चष्म्यासारखं दिसतं, मी करून बघितलं. ट्रेस नाही केलं, तेवढी लाज आहे. चपटा ब्रश आणला आणि वर्तमानपत्रावर साठ-सत्तर ल काढले. माझा मुलगा शाळेतून आला आणि म्हणाला, "तुला पण शिक्षा झालीय का?"

शनिवारी प्रिंट काढून चारही लेबलं काकूंच्या ओट्यावर लावली. रेघ जुळली. काकू मागं सरकत सरकत फ्रिजला टेकल्या आणि तिथून म्हणाल्या, "ज, का, शें, ल. दिसतंय." मग पुढं आल्या, चष्मा लावला. "ल झाला हो आपला. पण माझा फोन नंबर फार बारीक आलाय. बायकांनी ऑर्डर कशी द्यायची?"

जागा कुठं होती? चारही कडा भरलेल्या. काकूंकडं पेन मागितलं आणि आईसारखं केलं. ल च्या मोठ्या पाकळीच्या पोटात नंबर वळवून लिहिला, दहा आकडे बरोबर बसले. ज च्या वळणाखालीही बसला, थोडा तिरका. शें ला देठाच्या आत जेमतेम. ‘का’चं मात्र जमेना. क चं पोट एवढंसं, आणि काना म्हणजे नुसती उभी भिंत. काकू म्हणाल्या, "भिंतीवरच लिही मग." काळ्या कान्यात पांढरे आकडे, खालून वर. मान वाकडी करून वाचावं लागतंय. उद्या प्रेसवाल्याला विचारते, एवढे बारीक पांढरे आकडे काळ्यात बुजतात का ते.