खालच्या कप्प्यातला बर्फ

आमच्या घरी नवा फ्रिज घ्यायचा ठरला, तेव्हा दुकानात आईने विचारलेला पहिला प्रश्न होता, "अरे, हा बर्फाचा कप्पा खाली कसा?" विक्रेत्याने शांतपणे उलट विचारले, "काकू, दिवसातून बर्फ किती वेळा काढता आणि भाजी किती वेळा?" आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे हिशेब तिला लगेच पटला.

तो फ्रिज हायर या चिनी कंपनीचा होता. आपल्याकडे फ्रिज उघडला जातो तो बहुतेक भाजी, दूध, भिजवलेली कणीक आणि उरलेल्या आमटीसाठी. तरीही वर्षानुवर्षे बर्फ डोळ्यांसमोर आणि भाजी पायाशी, अशीच मांडणी घरोघरी होती. हायरने भारतात उलट्या मांडणीवर जोर दिला आणि जाहिरातीतही न वाकण्याचाच मुद्दा लावून धरला. चिनी माल म्हणजे स्वस्त माल, एवढ्या समजुतीवर या कंपनीचा प्रवास उलगडत नाही.

१९८४ मध्ये झांग रुइमिन यांच्याकडे समुद्रकाठच्या छिंगदाओ शहरातील कर्जात बुडालेला फ्रिजचा कारखाना सोपवण्यात आला. त्याच वर्षी जर्मनीच्या लीबहेर कंपनीशी तंत्रज्ञानाचा करार झाला आणि त्या नावाच्या चिनी उच्चारातील शेवटचा तुकडा पुढे 'हायर' म्हणून रूढ झाला. म्हणजे नावही मूळचे उसनेच. १९८५ मध्ये झांग यांनी ७६ सदोष फ्रिज कामगारांच्याच हातून घणाने फोडून घेतले. ही कथा आता कंपनीचे पुराण झाली आहे आणि ती जरा जास्तच सांगितली जाते. मला त्याहून चीनच्या सिचुआन प्रांतातली गोष्ट आवडते. तिथले शेतकरी कपडे धुण्याच्या यंत्रात रताळी धूत, मातीने नळी तुंबे आणि तक्रार कंपनीकडे येई. वापरणाऱ्याला वेड्यात काढणे सोपे होते; हायरने रुंद नळीचे, रताळी धुणारे यंत्रच बाजारात आणले.

हीच नजर घेऊन कंपनी अमेरिकेत गेली. नवखी कंपनी सहसा आधी सोपे देश शोधते. झांग यांचे धोरण मात्र 'आधी अवघड, मग सोपे' असे होते. व्हर्लपूल आणि जीई या बड्या अमेरिकी कंपन्यांशी मोठ्या फ्रिजच्या बाजारात भिडण्याऐवजी हायरने वसतिगृहातल्या खोलीत मावतील असे छोटे फ्रिज आणि वाइन थंड ठेवणारी कपाटे विकली, कारण या कोपऱ्याकडे बड्या कंपन्यांचे फारसे लक्षच नव्हते. पाय रोवल्यावर २००० मध्ये दक्षिण कॅरोलायनातील कॅमडेन येथे कारखाना सुरू झाला. मजुरी स्वस्त असलेला देश सोडून महागड्या देशात कारखाना काढणे अनेकांना वेडेपणा वाटला. पण मोठा फ्रिज चीनमधून जहाजाने पाठवणे म्हणजे बव्हंशी हवेचे भाडे भरणे, आणि शिवाय मालावर 'अमेरिकेत बनवलेले' असे लिहिता येणे ही वेगळी कमाई होती.

यापुढचा टप्पा खरेदीचा. २००५ मध्ये मेटॅग ही अमेरिकी उपकरण कंपनी विकत घेण्याचा प्रयत्न सोडून द्यावा लागला आणि ती कंपनी व्हर्लपूलकडे गेली. पुढे जपानच्या सान्योचा फ्रिज व धुलाई यंत्रांचा व्यवसाय, न्यूझीलंडची फिशर अँड पायकेल आणि २०१९ मध्ये इटलीची कँडी हायरकडे आली. सर्वांत मोठा व्यवहार २०१६ चा: सुमारे ५४० कोटी डॉलर ठरवून घेतलेला जीईचा घरगुती उपकरणांचा व्यवसाय. आधी तो स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सकडे जाणार होता, परंतु अमेरिकी सरकारने स्पर्धा कमी होईल म्हणून हरकत घेतली आणि वाट मोकळी झाली. जीईचे नाव ४० वर्षे वापरण्याचा हक्क मिळाला, मुख्यालय लुईव्हिललाच राहिले आणि कारभार अमेरिकी व्यवस्थापकांच्या हाती. आपले नाव पुढे करण्याचा मोह आवरणे, हे मला या कंपनीचे सर्वांत अवघड कसब वाटते.

अर्थात कसब असले तरी दार उघडे असावे लागते. हायरने २००७ मध्ये रांजणगावचा कारखाना घेतला, तेव्हा चिनी गुंतवणुकीकडे आजइतके संशयाने पाहिले जात नव्हते. एप्रिल २०२० मध्ये केंद्र सरकारने शेजारी देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला पूर्वपरवानगी सक्तीची केली. पाठोपाठ गलवान खोऱ्यात भारत आणि चीनच्या सैनिकांची चकमक घडली. जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना घेऊ पाहणारी ग्रेट वॉल ही चिनी वाहन कंपनी त्या परवानगीची वाट पाहत राहिली आणि २०२२ मध्ये तो व्यवहार बारगळला.

पुढच्याच वर्षी तळेगावचा कारखाना घेण्याचा करार कोरियाच्या ह्युंदाईने केला. हायरच्या आधी रांजणगावच्या कारखान्यावर अँकर या भारतीय कंपनीबरोबर जे नाव होते, ते होते देवू, तेही कोरियाचेच.