भंगारात गेलेला सर्व्हर चालू होता

मे महिन्यात हिंगणा एमआयडीसीच्या शेडमध्ये फिरून कॉम्प्युटर मोजायचं काम आलं, तर आधी डोक्याला दुपट्टा बांधावा आणि मगच यादी हातात घ्यावी. मी यादी आधी घेतली.

मी आयटी सपोर्टमध्ये आहे. कंपनीचं नाव नको. नागपुरात धरमपेठेत ऑफिस, हिंगण्याला प्लांट आणि वाडीला गोडाऊन, एवढं पुरे. ऑडिटरांनी विचारलं होतं, "रजिस्टरमधली यंत्रं प्रत्यक्षात आहेत हे कोणी, कधी पाहिलं?" कारो २०२० म्हणजे ऑडिट अहवालात काय काय लिहायचं हे सांगणारा सरकारी आदेश; त्यानुसार त्यांना अहवालात यावर लिहावंच लागतं. अकाउंट्सच्या रजिस्टरमध्ये ३१८ ओळी, माझ्या एक्सेलमध्ये ४०२. त्यांची एक ओळ म्हणजे एक बिल ("कॉम्प्युटर, १० नग") आणि माझी एक ओळ म्हणजे एक यंत्र. बिलं फोडून जुळवण्यातच आठवडा गेला. मोजणी मे महिन्यात आणि रजिस्टर ३१ मार्चचं, त्यामुळे मधल्या काळात आलं-गेलं ते वेगळं मांडावं लागलं.

धरमपेठेत पहिल्या दिवशी यादी घेऊन टेबलाटेबलावर गेले, स्टिकर पाहिला, टिक केली. दुपारपर्यंत सगळं जुळलं. इतकं छान जुळलं की मलाच शंका आली. म्हणून एका लॅपटॉपवर कमांड देऊन बायोसमधला, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅममध्ये नोंदलेला सीरियल नंबर काढला, तर तो शेजारच्या मुलीच्या नावावरचा निघाला. दोघींचे लॅपटॉप एकदम दुरुस्तीला गेले होते आणि खालचं कव्हर बदलताना आमचे स्टिकर कव्हरसोबत इकडचे तिकडे झाले होते. मी दिवसभर कव्हरं मोजत होते! संध्याकाळी सगळ्या टिका खोडल्या.

पुढे एकेक गंमत बाहेर येत गेली. असेंबल केलेल्या मशिनवर कमांड दिली की नंबराच्या जागी "टू बी फिल्ड बाय ओईएम" येतं, म्हणजे यंत्र बनवणाऱ्याने नंबर भरायचा होता, पण तिथे कोणी काही भरलेलंच नाही. अशा वेळी मदरबोर्डचा नंबर घ्यावा. एका लॅपटॉपच्या सात अक्षरी सर्व्हिस टॅगमध्ये (हा त्या कंपनीचा सीरियल नंबर) बरोबर मध्ये ई होता आणि बाकी सगळे आकडे, त्यामुळे एक्सेलने त्याला भलीमोठी संख्या समजून "४.१७ई+५५" करून ठेवलं होतं. नंबर टाकण्याआधी तो कॉलम टेक्स्ट करायचा असतो, हे मला तेव्हा कळलं. खिडकीजवळचे बारकोड स्टिकर पार उडालेले. आम्ही साध्या थर्मल कागदावर छापत होतो आणि त्याला ऊन सोसत नाही, त्यात हे नागपूरचं ऊन. आता रिबनवाल्या प्रिंटरवर छापतो.

घरून काम करणाऱ्यांना फोटो मागितला, तर अमरावतीच्या एकाने मागच्या वर्षीचाच पाठवला. मग व्हिडिओ कॉल सुरू केले. स्क्रीनवर सीरियल नंबर आणि शेजारी कागदावर मी त्याच क्षणी सांगितलेला शब्द. मी "तर्री" सांगायचे. लोक हसत, पण दाखवत.

प्लांटमध्ये यादीत ९६ नग, तिथल्या लोकांनी मोजून सांगितले तेही ९६. कोणीही इथेच थांबलं असतं. पण धरमपेठेने शहाणं केलं होतं, म्हणून आता उलट निघाले. आधी वस्तू पाहायची, मग ती यादीत शोधायची. नेटवर्क स्विचवर कोणकोणती यंत्रं जोडलेली दिसतात ते काढलं. त्यातला एक नेटवर्क-पत्ता यादीतल्या कोणत्याच यंत्राचा नव्हता. तारेच्या मागे मागे गेले, ती धर्मकाट्याच्या, म्हणजे मालाच्या गाड्या तोलायच्या काट्याच्या केबिनमध्ये शिरली. तिथे कूलरच्या मागे, पोत्याखाली आमचा जुना सर्व्हर घरघरत होता. रजिस्टरात तो केव्हाच भंगारात गेलेला.

"कोणं म्हटलं भंगारात गेला?" काट्यावरचे काका म्हणाले. "हा बंद केला तं काटाच बंद होते न, मॅडम."

झालं असं होतं की नवा सर्व्हर आला, पण वजनाचं जुनं सॉफ्टवेअर त्यावर चालेना, म्हणून हा काकांनी ठेवून घेतला. भंगाराची नोट मात्र आधीच निघाली होती, आणि अकाउंट्सने ती पाहून नोंद काढून टाकली. मग भंगाराच्या गाडीत गेलं काय? गेटपासवर "सर्व्हर १ नग" होतं, भरलं गेलं जुनं मोठं यूपीएस. ते यूपीएस रजिस्टरात अजून जिवंत. एक चूक वाढीची, एक घटीची, आणि बेरीज ९६ ची ९६.

पैशाचं म्हणाल तर त्यात फारसं काही नव्हतं. कंपनी कायद्याच्या अनुसूची दोनप्रमाणे सर्व्हरचं आयुष्य सहा वर्षं, साध्या कॉम्प्युटरचं तीन. त्यानंतर पुस्तकात नावापुरती किंमत उरते. माझी झोप उडाली ती वेगळ्या कारणाने. त्यावर विंडोज सर्व्हर २०१२ होतं, ज्याचे अपडेट १० ऑक्टोबर २०२३ ला संपले. आमच्या लेखी तो नव्हताच, म्हणून अँटिव्हायरसही नाही, बॅकअपही नाही. रोजच्या गाड्यांची वजनं मात्र त्यावरच. त्या रात्री आधी बॅकअप घेतला, मग घरी गेले.

शेवटी तीन लॅपटॉप सापडत नव्हते. दोन वाडीच्या गोडाऊनमध्ये जुन्या कीबोर्डांच्या खोक्यात निघाले. तिसरा नोकरी सोडून गेलेल्या एका मुलाचा होता. एचआरकडून त्याचा फॉर्म मागवला, दोन-चार कडक शब्द बोलायची तयारीही करून ठेवली होती. फॉर्मवर "लॅपटॉप परत मिळाला" यासमोर सही होती. माझी.