गुडघ्याचं विचारलंत म्हणून

लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, औसा रोडला भाजी घेताना, कुठंही गाठून तुम्ही एकच विचारता. "खेळ का सोडलास गं?" तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला बास्केटबॉलच्या कोर्टवर पाहिलंय, कुणी पेपरातलं कात्रणही जपलंय, म्हणून विचारता हे कळतं मला. मी म्हणते, "गुडघा." संपलं. विषय लगेच तुमच्या गुडघ्यावर जातो. कुणाच्या सासूबाईंच्या वाट्या बदलल्या, कुणाला कसल्याशा पाल्याचा लेप लागू पडला. मी सुटते.

गेल्या महिन्यात चौदा वर्षांच्या भाचीनं पंचाईत केली. म्हणाली, "मावशी, तुझा गुडघा तर बरा झाला होता ना? जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढतीस की."

आधी बाकीचे प्रश्न उरकते. पैसे मिळायचे का? मिळायचे, पण कारकुनाचे. आपल्याकडं बाईनं बास्केटबॉलवर पोट भरायचं म्हणजे खेळाडू कोट्यातून नोकरीला लागायचं. सकाळी सराव, दुपारी फायली, स्पर्धेला विशेष रजा. बायकांच्या राष्ट्रीय स्पर्धेत वर्षानुवर्षं रेल्वेचा दबदबा का, तर भरती तिथं जास्त. चांगल्या पोरी नोकरीच्या मागं जातात, मी पण गेले. आमचं खातं रेल्वे नव्हतं, एवढंच सांगते. अमेरिकेला का गेली नाहीस, हे चुलतभाऊ दरवेळी विचारतो. १९९७ पासून चालू असलेल्या डब्ल्यूएनबीएत, म्हणजे तिथल्या बायकांच्या व्यावसायिक लीगमध्ये, २०२४ पर्यंत १२ संघ होते, संघात जास्तीत जास्त १२ जणी. अख्ख्या जगातून १४४. केरळची गीतू ॲना जोस, सहा फुटांच्या वरची बाई, २०११ मध्ये तिथं चाचण्या देऊन आली. तिलाही जागा मिळाली नाही. मी पाच फूट पाच. आणि तिथल्या बायकासुद्धा वर्षानुवर्षं हंगाम संपला की रशिया-तुर्कस्तानात खेळून पैसे जोडायच्या. चुलतभावाला हे सांगितलं की तो क्रिकेटवर येतो.

मला खेळाची आवड नव्हती असं कुणी म्हणू नये, म्हणून एक सांगते. २०१६ चा उन्हाळा, लातूरला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली ते वर्ष. गावातली पोरं ट्यूशनच्या बॅचा धरून बसलेली आणि मी बारावी देऊन कोर्टवर. भांडी विसळलेल्या पाण्यात आई माझी जर्सी बुचकळायची, तेच पाणी मग संडासाला. आजी म्हणायची, "पाणी नाही प्यायला आन् ही घाम काढायली." शाळेपासून आम्हाला बॉल एकच, तोही पोरांचा ७ नंबरचा. बायकांचा बॉल ६ नंबरचा असतो, हे मला जिल्ह्याबाहेर गेल्यावर कळलं. तो हातात घेतला तर मोसंबी घेतल्यासारखं वाटलं, आणि पहिले कितीतरी शॉट रिंगच्या वरून पलीकडं गेले.

आता गुडघा. २०२१ मध्ये, साध्या सरावात. ले-अप, म्हणजे पळत येऊन रिंगजवळ उडी घेऊन शॉट, मारून खाली आले, कुणाचा धक्का नाही, काही नाही, आतून 'कट्' असा आवाज आला. पहिल्या डॉक्टरांनी मुरगळलंय म्हणून सांगितलं, मी तीन आठवडे तसलाच पाय ओढत ऑफिसला गेले. मग एमआरआय, एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आतला बंध तुटलेला, ऑपरेशन. मांडीच्या मागच्या स्नायूची दोरी काढून गुडघ्यात ओवतात. नऊ महिने व्यायाम. एक दिवस चुकवला नाही. डॉक्टर म्हणाले, खेळा. फिजिओ म्हणाली, उजव्यापेक्षा डावा मजबूत झालाय. इथपर्यंत सगळं तुम्हाला माहितीये. पुढचं कुणालाच माहीत नाही, आईलासुद्धा.

परतल्यावरची पहिली मोठी स्पर्धा. आतलं, लाकडी कोर्ट. मी मुद्दाम नवे बूट घेतले होते, पगाराच्या पाव हिश्श्याचे. पहिले तीन सामने बसून काढले. त्याचं काही वाटलं नाही, दुखण्यातून आलेल्याला लगेच कोण उतरवतं? चौथ्या सामन्यात शेवटचा क्वार्टर लागला तेव्हा आम्ही ११ नं मागं होतो. सात मिनिटं राहिली असताना आमच्या पॉइंट गार्डला, म्हणजे बॉल पुढं नेऊन डाव मांडणारीला, पाचवा फाउल लागला, म्हणजे सामन्यातून बाद. ती तोंडात पुटपुटत बाहेर आली. सरांनी बेंचकडं न बघताच माझं नाव घेतलं. बघायची गरजच नव्हती, त्या जागेवर खेळणारी मीच होते.

मी उठले. वॉर्म-अपची चेन अर्धी खाली ओढली. आणि म्हणाले, "सर, गुडघा दुखतोय."

दुखत नव्हता. मला आजही त्या क्षणीचा गुडघा आठवतो. गरम, हलका, एकदम ठणठणीत. सरांनी पुन्हा विचारलंसुद्धा नाही. एवढ्या मोठ्या ऑपरेशनच्या पोरीवर शंका कोण घेईल? ते म्हणाले, "बस, बस." आणि शेजारच्या अठरा वर्षांच्या पोरीला ढकललं. फिजिओ बर्फाची पिशवी घेऊन धावली. "कुठं?" मी वाटीच्या आतल्या बाजूला बोट ठेवलं. तिनं तिथं पिशवी बांधली.

सात मिनिटं मी चांगल्या गुडघ्यावर बर्फ धरून बसले. आधी गार, मग टोचायला लागलं, मग तिथं काही आहे की नाही तेच कळेना. समोर ती पोर. दोघी-दोघी अंगावर आल्या की पाठ फिरवायची, बॉल हातचा जाईल म्हणून कवटाळायची. आठ सेकंदांत बॉल अर्ध्या कोर्टाच्या पलीकडं न्यावा लागतो. दोनदा नेता आला नाही तिला. दुसऱ्यांदा शिट्टी झाली तेव्हा तिनं बेंचकडं बघितलं. सरांकडं नाही, माझ्याकडं. मी पिशवी नीट केली. १९ नं हरलो. रात्री तीच माझ्यासाठी गरम पाणी घेऊन खोलीवर आली. "दीदी, शेकायचं का?" मी शेकून घेतलं.

त्यानंतर 'गुडघा' हा शब्द मी सोडलाच नाही. पुढच्या शिबिराला गुडघा, त्याच्या पुढच्याला गुडघा, मग नाव यायचं बंद झालं.

का म्हणाले तसं? घाबरले होते, हे सोपं उत्तर. तो 'कट्' पुन्हा ऐकू येईल म्हणून. पण भीती असती तर नऊ महिन्यांत एकदा तरी उडी मारताना वाटली असती, आणि मी खोक्यावरून शेकडो उड्या मारल्या होत्या. दुसरं, नोकरी पक्की होती, खेळले काय नि नाही काय. हे आमचे काका तोंडावर म्हणतात, आणि मला राग येतो, कारण त्यात तथ्य असावं. पण तसलीच पक्की नोकरी असून माझ्याबरोबरच्या दोघी तिशी ओलांडून खेळतायत. एकीला लेकरू आहे. मग कंटाळले होते का? दहा वर्षं त्याच बॅगा, संडासाशेजारचा बर्थ, वरणभात, हरलं की कुणी बोलत नाही, जिंकलं की पेपरात नाव चुकीचं. सतरा वर्षांची मी हे सगळं आनंदानं घ्यायचे. तिला मी काही सांगायला गेले तर ती म्हणेल, मग अकरानं मागं असताना कंटाळा आला होय तुला? मी तिच्यावर चिडते. तिला काय जातंय बोलायला, तिनं गुडघा फोडून घेतलेला नाही. मग आठवतं, फुटलेल्या गुडघ्याचा तर इथं संबंधच नव्हता.

तुम्ही पुन्हा विचाराल तेव्हा मी 'गुडघा'च म्हणणार आहे. पंगतीत एवढं कोण सांगत बसतं?

भाचीला हे अजून सांगितलेलं नाही. रविवारी तिची जिल्ह्याची निवड आहे, बारावीनंतर मी घाम काढायचे त्याच सिमेंटच्या कोर्टवर. ते नवे बूट तिनं कपाटातून शोधून काढले. उलटे करून बघितले, तळाची नक्षी अजून कोरी. "वापरलेच नाहीस का गं?" म्हणाली. तिला एक नंबर मोठे होतात. पुढं कापूस घालून दे म्हणते, म्हणून बसलेय घालत.