फ्लॅटची जाहिरात एआयकडून लिहून घेतली, त्याची गंमत

गेला आठवडाभर दोन-तीन एआय टूल्स वापरून बघितली, कारण रोज रात्री जेवण झालं की लिस्टिंग लिहायचा जाम कंटाळा येतो. पहिली टेस्ट वडगाव बुद्रुकच्या रिसेल टूबीएचकेची, बिल्डिंग जुनी, चार मजली, लिफ्ट पण नाही. मी फक्त एरिया, मजला आणि भाव दिला तर एकाने स्विमिंग पूल बांधून दिला राव! दुसऱ्याने कार्पेट एरियाचं (म्हणजे फ्लॅटच्या आतल्या वापरायच्या जागेचं) मराठी केलं 'गालिचा क्षेत्र', ते वाचून बायको अर्धा तास हसत होती.

इंग्रजी मात्र झकास लिहितात. एनआरआय क्लायंटला मेल करायचा तर माझं कामच संपलं. मराठीत तेच ते 'स्वप्नातील घर', आमच्याकडचं गिऱ्हाईक असलं वाचत नाही, त्याला पाणी किती वेळ येतं, पार्किंग कव्हर्ड आहे का आणि मेंटेनन्स किती एवढंच पाहिजे असतं, आणि ते टूलला आपण सांगितल्याशिवाय कळणार कसं?

नवीन प्रोजेक्टच्या जाहिरातीत तर जास्तच जपा. महारेराचा, म्हणजे बांधकाम प्रोजेक्टवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नोंदणी नंबर लागतो, १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोड पण लागतो, आणि एकाही टूलने स्वतःहून आठवण करून दिली नाही. वर एकाने नंबरच्या जागी मनानेच आकडे टाकले. दंड झाला तर तो आपण भरायचा, टूल थोडीच भरणार!

सध्या फुकटवालंच ठेवलंय, इंग्रजी मेलपुरतं. मराठी व्हॉट्सअॅप मेसेज मीच टाईप करतो.