रिकामा परत जाणारा टेम्पो

मे महिन्यात आमच्या वाडीखालचा पऱ्या, म्हणजे लहान ओढा, आटला की करवंदीच्या मुळांत अडकलेली पाकिटं दिसायची. वेफर्सची, शांपूची, बिस्किटांची. ती कुठून आली हे शोधायला पोलीस नकोत. खाली बंदरापर्यंत दुकान एकच, ते माझं. पहिला मोठा पाऊस झाला की सगळं वाहून खाडीत. म्हणजे मी विकायचं आणि पुढे मासळीच्या जाळ्यात यायचं.

तालुक्याहून माणसं आली होती, 'ओला कचरा वेगळा करा' सांगायला. बायका पदराआड हसल्या. आमच्याकडे तांदळाचं धुवण केळीला, साली गुरांना, राख माडाच्या आळ्यात. पातेरा, म्हणजे वाळका पाला, शेताच्या भाजावळीला, उरलंसुरलं शेणखताच्या गायरीत. ते म्हणाले, खड्डा खणा, कंपोस्ट करा. जांभ्या दगडात खणून बघा म्हणावं! आणि खणलाच तरी जुलैत त्याची विहीर होते.

आमचं दुखणं सुक्याचं. भंगारवाला बाटल्या नेतो, पत्रा नेतो, पुठ्ठा नेतो. वेफर्सच्या पाकिटांना हात लावत नाही, कारण प्लॅस्टिक आणि चंदेरी थर असे चिकटलेले असतात की वेगळे होत नाहीत. वजनही नाही. अख्खं पोतं भरलं तरी तीन-चार किलो.

बचत गटाच्या आम्ही अकराजणी वेंगुर्ल्याला जाऊन आलो. तिथल्या नगरपरिषदेने कचरा डेपोची बाग केली आहे. सुका कचरा वीसहून जास्त प्रकारांत वेगळा होतो, ओल्याचा बायोगॅस, प्लॅस्टिकचे तुकडे डांबरी रस्त्यात. आम्ही तिथे बसून डबे खाल्ले, वास नाही. पण ते शहर आहे, हाताशी नगरपरिषद आणि रोजची गाडी. आमच्या गावात माणसं नऊशे.

ग्रामसेवकांनी कागद दाखवला. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंतच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपयांपर्यंत. मी दुकानदार, हिशेब तोंडीच केला: ५४ हजार. तेही एकदाच. शेड होते त्यात. पण दर आठवड्याला गाडी कोण लावणार? प्लॅस्टिकवर प्रक्रिया करणारं युनिट तालुक्याला एक, ते ३२ किलोमीटरवर.

उत्तर दारातच उभं होतं. दर मंगळवारी माल टाकून टेम्पो रिकामा परत जातो. ड्रायव्हरदादांना म्हटलं, पोती न्याल का? "वयनी, मुंग्या लागतील, परत त्यात साखर आणायची मला." बरोबरच होतं त्यांचं. म्हणून ठरलं की पाकीट कापून, धुऊन, वाळवूनच द्यायचं. आमच्या आजेसासूबाई म्हणाल्या, "काय गो बाय, आता कचरा पन धुवायचा?" त्याच आता सगळ्यात नीट धुतात.

घरटी महिना २० रुपये, त्यातून टेम्पोचे आणि शेडमध्ये निवडणाऱ्या दोघींचे पैसे निघतात. आमच्या वाडीतल्या ६३ घरांपैकी ४८ देतात. बाकीची 'मुंबैवाल्यांची बंद घरं' म्हणून सुटतात, आणि गणपतीत त्याच घरांतून सगळ्यात जास्त पोती निघतात.

पावसात मात्र हाल. जून ते सप्टेंबर काही वाळत नाही, ओलं पोतं युनिटवाले परत पाठवतात. पहिल्या वर्षी शेडमध्ये बुरशीचा असा वास सुटला की सरपंच नाक दाबून आले आणि तसेच गेले. आता पाकिटं घरोघर चुलीवरच्या माळ्यावर, सुक्या मासळीच्या शेजारी, पण ज्वाळेपासून लांब. डायपरचं काही जमलेलं नाही. कोणी काही सांगितलं तर करू. तोवर चाकरमान्यांना सांगते, आणलेत तसे परत न्या. काही नेतात.

परवा कंपनीचा एजंट नवीन पुड्यांच्या माळा घेऊन आला. २०१६च्या नियमांत प्लॅस्टिक गोळा करायची जबाबदारी माल बनवणाऱ्यांवरही टाकलेली आहे, हे मला ग्रामसेवकांनी वाचून दाखवलं होतं. म्हटलं, रिकाम्या परत घ्याल का? तो हसला, म्हणाला, "ताई, वर विचारतो."

चार माळा ठेवून घेतल्या मी. मुलं मागतात.