रश्शाच्या वासाचा चहा

सोमवारची दुपार, साडेतीन वाजलेले. चहा गाळला आणि तेवढ्यात बहिणीचा फोन आला, आणि तिचा फोन आला म्हणजे चहा गार होणारच. "ठेवतो गं आता" असं मी चारवेळा म्हटल्यावर तिनं ठेवला. परत गरम केलेला चहा प्यायचा नाही असा आमच्या घरात नियम आहे, तो मीच केलाय आणि घरात बघणारं कुणी नसलं की मीच मोडते. कप मायक्रोवेव्हमध्ये ठेवला, चाळीस सेकंद, टिंग. पहिला घोट घेतला आणि थांबले. चहाला तांबड्या रश्शाचा वास.

वास वाईट नाही हो. रविवारी दुपारी तोच वास जिन्यात आला की पाय आपोआप भरभर उचलतात. पण वेलदोडा घातलेल्या चहात कांदा-लसूण चटणी म्हणजे लग्नात बॅन्डवाल्यानं आरती वाजवल्यासारखं झालं.

वाकून आत बघितलं. भिंती बऱ्या होत्या, काचेची ताटली तर स्वच्छच, ती बाहेर निघते म्हणून तेवढी घासली जाते. मग मान वाकडी करून वर बघितलं. छतावर आख्खं कॅलेंडर होतं. लाल शिंतोडे म्हणजे काल रविवार, त्याच्या बाजूला काळपट पडलेले म्हणजे आधीचे कितीतरी रविवार, एक पिवळा डाग पोराला सर्दी झालेली तेव्हाच्या हळदीच्या दुधाचा, आणि कोपऱ्यात पापुद्र्यासारखं काहीतरी पांढरट, नखानं खरवडून वास घेतला तर पांढरा रस्सा.

कुणी केलं हे विचारायची सोय नाही. झाकण ठेवा म्हणून मी फ्रीजवर चिठ्ठी लावली होती, तर "एक मिंटात काय हुतंय" म्हणून सगळे उघडंच ठेवतात. एका मिनिटातच होतं. आमच्या रश्शावर तवंग पाहिजे म्हणजे पाहिजेच, नसला तर पाहुणा गावात जाऊन काय सांगेल, आणि तो तवंगच वर झाकणासारखा बसतो, खाली वाफ कोंडते आणि फाट्कन उडतो. पांढऱ्याचं दुखणं वेगळं, त्याला जोरात उकळी आली की नारळाचं दूध फुटतं, म्हणून तो अर्ध्या पॉवरवर ठेवायचा. हे मशीनच्या पुस्तकात नाही, सासूबाईंनी स्वतः शोधून काढलंय.

तर म्हटलं आज होऊन जाऊ दे. काचेच्या वाडग्यात पाणी, अर्धं लिंबू पिळून साल पण आतच, आणि त्यात एक लाकडी चमचा. चमचा एवढ्यासाठी की नुसतं पाणी यात कधी कधी बुडबुडा न येताच उकळीच्या वर तापतं आणि हात लावला की एकदम उसळतं. पाच मिनिटं चालवलं. नंतर अजून पाच मिनिटं दार उघडायचं नाही, वाफेला डाग भिजवू द्यायचे. आतल्या भिंती भट्टीसारख्या तापत नाहीत, त्यामुळं तेल जळून बसत नाही, वाळून बसतं, ते भिजलं की सुटतं. पण ती पाच मिनिटं! काचेच्या आत सगळं धुकं, पन्हाळ्यावर जुलैत असतं तसं, आणि मी ओट्याला टेकून उभी.

आजोळी कागलकडं सुट्टीला गेलं की पहाटे जाग यायची ती आजीच्या फुंकणीनं नाही, त्याच्याही आधी पोतेऱ्यानं. रात्री निखारे ओढून राखेत झाकलेले असायचे, चूल गार. एका फुटक्या वाडग्यात माती आणि शेण कालवलेलं, त्यात पोतेरं बुडवून ती चुलीवरनं असा हात फिरवायची की कालचं दूध उतू गेलेलं, भाकरीचं पीठ सांडलेलं, सगळं एका पट्ट्यात गायब. मी अंथरुणातनं उठून तशीच शेजारी जाऊन बसायची. "चुलीची आंघुळ झाल्याबिगर जाळ न्हाई," म्हणायची, आणि मला वैल, म्हणजे चुलीला जोडलेली बारकी चूल, द्यायची सारवायला. मोठी चूल तिची, वैल माझा. माझा हात बारका, त्यामुळं वैलावर चार बोटांच्या रेघा उठायच्या, आणि ती त्या पुसायची नाही. कुंकवाचं बोट लावून वर शेणी रचायची, मग ओल्या मातीचा आणि धुराचा मिळून एक वास यायचा, तो मला नीट सांगता येत नाही. दुपारी वैलावरची दुधाची तपेली उचलली की खाली माझ्या रेघा वाळून कडक झालेल्या दिसायच्या. दुसऱ्या दिवशी परत नवीन.

आमचा मायक्रोवेव्ह घेऊन नऊ वर्षं झाली. छताला आज पहिल्यांदा हात लागला.

फडकं फिरवलं तर खरंच सगळं लोण्यासारखं सुटून आलं, लाल, पिवळं, तपकिरी. मग प्लग काढून ताटली, तिच्याखालचं चाकांचं कडं, ते कडं फिरतं ती खाच, तिथं एक शेंगदाणा सापडला. बाजूच्या भिंतीला पुठ्ठ्यासारखा अभ्रकाचा तुकडा असतो तो मात्र हळूच पुसला, त्याच्यावर तेल साचून जळलं की ठिणग्या उडतात, आणि तो काढून टाकायचा नसतो, पोरानं एकदा "हे काय चिकटलंय" म्हणून उचकटायला घेतलेला.

हे यंत्र निघालंच मुळी खिशातल्या खाऊवरनं. 1945 मध्ये अमेरिकेत रेथिऑन कंपनीत पर्सी स्पेन्सर रडारच्या मॅग्नेट्रॉनजवळ, म्हणजे सूक्ष्मलहरी तयार करणाऱ्या नळीजवळ, उभा होता आणि त्याच्या खिशातली गोड वडी वितळली. पुढं 1947 मध्ये विकायला आलेलं पहिलं मशीन जवळपास सहा फूट उंच आणि 340 किलोचं. ते आमच्या स्वयंपाकघरात ठेवलं असतं तर आम्ही बोळात जेवलो असतो, पण निदान छत तरी डोळ्यांसमोर आलं असतं.

वासाचं राहिलंच. खायच्या सोड्याची वाटी रात्रभर आत ठेवायची, तेही करून बघितलंय. खरं औषध म्हणजे वापरल्यावर थोडा वेळ दार उघडं ठेवणं. पण दार उघडं राहिलं की आमच्या मशीनचा आतला दिवा जळत राहतो, आणि सासूबाई हॉलमधनं उठून येऊन ते लावतात. "लाईट बिल कोण भरणार." म्हणजे वास आत, बिल बाहेर. आज प्लग काढून दार सताड उघडं ठेवलं, त्या दोनदा येऊन बघून गेल्या, दिवा नाही म्हटल्यावर काही बोलता येईना.

सहाला त्यांचा चहा. त्यांचाही गार झालेला, देवापुढं दिवा लावायच्या नादात. मी उत्साहानं कप आत ठेवला, चाळीस सेकंद, टिंग, आणि समोर नेऊन दिला. त्यांनी घोट घेतला. कपात बघितलं.

"लिंबू पिळलायस व्हय गं चहात?"

"नाही हो आई."

दुसरा घोट घेतला, जरा वेळ तोंडात धरला.

"कालचा बरा हुता."