दोनदा एकेटी झालेला पेशंट

नाशिकच्या सातपूरमधल्या कारखान्यातला फिटर, वय ४५च्या आसपास. खोकल्यातून चमचाभर रक्त पडलं म्हणून आला. फाइलमध्ये एकेटीचे, म्हणजे टीबीच्या औषधांचे, दोन पूर्ण कोर्स, पण थुंकीत जंतू एकदाही सापडलेला नाही. दोन्ही वेळा उपचार झाले ते एक्स-रेवरच्या डागांवर.

हाक मारली तर मान वळली नाही, अख्खा माणूस वळला. पंचविशीपासून पहाटे कंबर आखडायची, कामाला लागलं की सैल व्हायची. छातीला टेप लावला. चौथ्या बरगडीखाली, पूर्ण श्वास घेऊनही, छाती दीड सेंटीमीटरच फुगली. अडीचच्या खाली आकडा आला की मी कमरेचा एक्स-रे मागवतोच. कणा आणि कमरेचं हाड जोडणारे दोन्ही सेक्रोइलियाक सांधे जुळून गेलेले: अँकिलोसिंग स्पॉन्डिलायटिस, मणका ताठ करत नेणारा संधिवात.

यात बरगड्या मणक्यांना जोडणारे सांधे गोठतात आणि श्वासाचा भार श्वासपटलावर येतो. स्पायरोमेट्रीत, म्हणजे फुंकून करायच्या फुप्फुसाच्या चाचणीत, एफव्हीसी (पूर्ण श्वास घेऊन जोराने सोडलेली एकूण हवा) कमी, पण त्यातली पहिल्या सेकंदात किती बाहेर पडते ते गुणोत्तर शाबूत. आमच्याकडे मशीनमध्ये उभी उंची टाकली गेली होती. वाकलेल्या पाठीची उंची कमी भरते, अपेक्षित आकडा खाली येतो आणि रिपोर्ट उगाच बरा दिसतो. हात आडवे पसरून बोटांच्या टोकांमधलं अंतर घेतलं, तेव्हा खरी घट कळली.

आणि डाग? जुन्या आजारात काही थोड्यांच्या फुप्फुसांचा वरचा भाग आकसतो, तिथे पोकळ्या पडतात. टीबीचीही आवडती जागा तीच. सीटीत उजव्या पोकळीत एक गोळा होता, पालथं झोपवल्यावर तो सरकला. अ‍ॅस्परजिलस बुरशी, तिच्याविरुद्धची रक्तातली आयजीजी प्रतिपिंडंही वाढलेली. तरी नाशिकमध्ये काय किंवा कुठेही, आपल्याकडे टीबी गृहीत धरून सोडता येत नाही. सीबीनॅट (टीबीच्या जंतूची जनुकं शोधणारी तपासणी) निगेटिव्ह आलं, कल्चरसाठी ४२ दिवस थांबलो, तेही निगेटिव्ह.

बुरशीवरचं औषध इट्राकोनाझोल २०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू केलं. कॅप्सूल जेवणासोबतच घ्यायची, अ‍ॅसिडिटीची गोळी बरोबर नको, नाहीतर ती शोषलीच जात नाही. एकेटीतलं रिफाम्पिसिन चालू असेल तर हे औषध रक्तात टिकत नाही. ‘असू दे एकेटी, काय बिघडतं’ हा सावधपणा इथे महागात पडतो. सांधेतज्ज्ञांच्या मनात अ‍ॅडालिमुमॅब हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध होतं, ते बुरशी आटोक्यात येईपर्यंत मागे ठेवलं. त्याने पाठ सुधारेल, फुप्फुसातला जुना व्रण नाही.

कपभर रक्त आलं तर थेट इमर्जन्सी, रक्तवाहिनी बंद करण्याची तयारी असलेल्या ठिकाणी. फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलं: मान ताठ, भूल देण्याआधी श्वासनळीत नळी घालायला फायबरऑप्टिक स्कोप हाताशी ठेवा; किरकोळ पडला तरी मानेचा सीटी काढा.